मदत हवी आहे: जमिनीची पार्टी (विकणारा किंवा घेणारा) एजंटला दिली तर किती मागावं?

नमस्कार मंडळी. भोरला माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन उताऱ्यांचं दुकान आहे. सातबारा, आठ-अ काढायला आलेले निम्मे लोक प्रिंट निघेपर्यंत सांगून टाकतात, "गिऱ्हाईक असेल तर बघा हो." फार्महाऊससाठी जागा शोधणारे पुणेकरही विचारून जातात. स्वतः दलाली करायला वेळ नाही, पण माहिती एजंटला देऊन रीतसर मोबदला घ्यावा असं वाटतंय.

सध्या दोन जागा आहेत. पहिली 32 गुंठे, डांबरी रस्त्याला लागून, भोगवटादार वर्ग 1 (विकायला सरकारी परवानगी न लागणारी), अपेक्षा गुंठ्याला 2 लाख. सातबाऱ्यावर चार भाऊ, दोन बहिणी; विकायचंय म्हणणारा एकटा थोरला. धाकट्या बहिणीला अजून विचारलेलंसुद्धा नाही! दुसरी 24 गुंठे, आतल्या बाजूला, पण काका एकटे मालक आणि पैशांची खरी गरज. एजंट पहिलीवर उड्या मारतायत, मला दुसरी वजनदार वाटते.

एक एजंट म्हणतो, मालकाच्या फोन नंबरामागे 500 रोख घे. दुसरा म्हणतो, खरेदीखत झालं की दलालीतला चौथा हिस्सा. 64 लाखांवर 2 टक्के म्हणजे 1,28,000, त्यातले माझे 32,000. पण तोवर मला कोण विचारतंय? आणि रेराची (स्थावर मालमत्ता कायद्याखालची) एजंट नोंदणी लागेल का?

प्रतिसाद (सासवडकर):
दादा, तुमचा अंदाज बरोबर. सहा नावांच्या सातबाऱ्यावर एकाने सांगितलेला भाव म्हणजे त्याची इच्छा. सगळ्यांच्या सह्या, किंवा भावांच्या सह्या आणि बहिणींचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र होईपर्यंत त्या जागेचे 500 मिळाले तरी खूप. काकांची जागा मात्र हिश्श्यावरच द्या. भाव पडताळायला रेडी रेकनर (सरकारी दरतक्ता) धरू नका, तो मुद्रांक शुल्कासाठी असतो. शेजारच्या गटांचे अलीकडचे व्यवहार नोंदणी विभागाच्या ई-सर्च साइटवर सूची 2 (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) मध्ये बघा. तिथंही खरा आकडा दिसेलच असं नाही, पण तळ कळतो.

गिऱ्हाईक देताना पहिला प्रश्न: शेतकरी दाखला आहे का? नसेल तर कूळ कायद्याच्या कलम 63 मुळे शेतजमीन घेताना परवानगीचं लचांड.

एजंटला सुरुवातीला गाव, क्षेत्र, रस्ता एवढंच सांगा. गट नंबर दिलात की तो भूलेखवर (सातबाऱ्याची सरकारी साइट) मालकाचं नाव काढतो आणि तुम्ही बाहेर. हिस्सा किती ते व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, मग मालकाला विचारून त्याचा फोन नंबर द्या. न विचारता दिलात तर दुकानात परत कोणी येणार नाही.

रेरा: नुसत्या शेतजमिनीला, प्रकल्प नसेल तर, लागत नाही. नोंदणीकृत प्रकल्पातला फ्लॅट किंवा प्लॉट असेल तर मोबदला घेऊन ओळख करून देणारासुद्धा 2016 च्या कायद्याने एजंटच. नोंदणी हवी, आणि महाराष्ट्रात 2023 पासून त्यासाठी परीक्षाही आहे.

धागाकर्ता:
गट नंबरचं डोक्यातच आलं नव्हतं, आभार. काकांच्या जागेत विसाराच्या वेळीच हिस्सा मागितला तर चालतं का?

सासवडकर:
एजंटलाही दलाली बहुतेक दोन टप्प्यांतच मिळते. साठेखताला (विक्रीच्या लेखी कराराला) निम्मा, खरेदीखताला निम्मा मागा. नुसत्या विसारावर मागू नका, तो मोडला तर परत द्यावा लागेल.