मदत हवी आहे: एकट्याच्या कनूला योक (कनू उलटी करून खांद्यांवर पेलायची आडवी पट्टी) नेमका कुठे लावावा?

न्यूयॉर्क राज्यातल्या ॲडिरॉन्डॅकमध्ये, सेंट रेजिस कनू एरियात एकट्याने फिरायचा बेत आहे. लिटल क्लिअर पाँडवरून सेंट रेजिस पाँड, तिथून ग्रीन, लिटल लाँग, बेअर, बॉग करत अप्पर सेंट रेजिस लेक. मोटरबोटींना इथे बंदी आहे, आणि लिटल क्लिअरवर मुक्काम करता येत नाही. रस्ता ठरलाय, अडलंय ते एका तळ्यावरून दुसऱ्या तळ्यापर्यंत कनू खांद्यावरून नेण्यात.

कनू केव्हलारची (हलका, मजबूत कृत्रिम धागा), १६ किलो. सीट मध्याच्या जरा मागे पक्की बसवलेली, त्यामुळे क्लॅम्पने कडांना आवळायचा योक तोलबिंदूच्या ८ सेंमी पुढेच बसतो. नाक वर राहतं, वाट दिसते, हे चांगलंच. पण शेपूट इतकी खाली येते की चढावर मुळांना घासते. शिवाय सॅकचा वरचा कप्पा सीटच्या कडेला अडतो, मान वाकडी होते ती वेगळीच.

हिशोब असा: १६ किलो गुणिले ८ सेंमी म्हणजे शेपटाकडे १२८ चा झोक. ७०० ग्रॅमचं जादा वल्हं योकच्या १८० सेंमी पुढे बांधलं तर नाकाकडे १२६, म्हणजे तोल जवळपास सपाट. मला नाक थोडं वरच हवंय. मग वल्हं ९० सेंमीवर बांधू, की पुढे नुसती लाइफ जॅकेट अडकवू?

दुसरं, कनूच्या ओल्या ॲल्युमिनियमच्या कडेवर क्लॅम्प सरकतो. खाली रबराची पट्टी पुरते, की पट्ट्याने सीटला ताणून बांधावं? दोन खेपा नकोत, अंतर तिप्पट होतं.