मदत हवी आहे: ऑनलाइन पोकर बंद, धाकटा भाऊ आता गोव्याचं म्हणतोय

मंडळी, नमस्कार. आम्ही कोल्हापूरचे, राजारामपुरीतले. धाकटा भाऊ बी.कॉम. झाल्यापासून ऑनलाइन पोकरवरच कमवत होता. स्क्रीनवर एकाच वेळी आठ टेबलं, चार वर, चार खाली. बहुतेक डावांत पत्ते बघून लगेच टाकून द्यायचे. रात्री एक्सेलमध्ये डाव किती झाले, रेक (डावातल्या रकमेतून ॲप कापून घेतं तो वाटा) किती गेला, रेकबॅक (त्यातला परत मिळणारा भाग) किती आला, सगळं मांडून ठेवायचा. टेबलावर जेमतेम बरोबरी आणि कमाई फक्त रेकबॅकची, असेही महिने त्यात दिसतात. पोरगं मेहनती आहे, याबद्दल मला शंका नाही.

22 ऑगस्ट 2025 ला पैशाचे ऑनलाइन खेळ बंद करणाऱ्या नव्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली आणि ॲपवाल्यांनी पैशाचे खेळ थांबवले. आता तो म्हणतो, "राधानगरीवरून गोवा कितीसं लांब? मांडवीतल्या कॅसिनोत खेळतो."

मला हे पटत नाही. ऑनलाइन एका टेबलावर तासाला साठ-सत्तर डाव होतात, म्हणजे आठ टेबलांवर पाचशे. डीलर हातानं पत्ते वाटतो तिथं पंचवीस-तीस. भावाचा फायदा एका डावामागं अगदी किरकोळ, तो हजारो डावांनी साठायचा. शनिवार-रविवार पूर्ण बसला तरी पूर्वीच्या दोन तासांएवढेच डाव होणार. मग नशीब फिरलंय की खेळच कमी पडतोय, हे कळायलाच वर्ष जाईल. वर जिंकलेल्यावर 30 टक्के कर, आणि त्यातून पेट्रोल, लॉज काही वजा होत नाही.

मित्र त्याला क्रिप्टोनं परदेशी साइटवर खेळ म्हणतात. बाहेरून इथं चालवलेले खेळही त्याच कायद्याखाली येतात, त्यामुळं तो विषय मी घरात बंद केलाय.

गोव्यात नियमित कॅश गेम (स्पर्धा नव्हे, थेट पैशावरचा पोकर) खेळून कुणी खरंच घर चालवलंय का? महिन्याचा खर्च जाऊन काय उरतं, ते स्पष्ट सांगा. आणि हे माझ्यासाठी जास्त महत्त्वाचं: आकडेमोड, शक्यता, एक्सेल यात तो पक्का आहे. पुण्यात किंवा इथंच गोकुळ शिरगावच्या एखाद्या कारखान्यात अशा मुलाला कुठलं काम मिळेल? बायोडेटात ही वर्षं कशी लिहायची? कुणी अशाला कामावर घेतलं असेल तर मुलाखतीत काय विचारलंत, तेवढं कळवा. "जुगार सोड" हे घरात रोज ऐकतोय तो, इथं पुन्हा नको.