जपानी रेल्वे लेआउट: चेरी, तोरी, पॅगोडा आता पुरे!

सिग्नलडाउन

एन गेजमध्ये (नऊ मिलिमीटर रुळाची छोटी मॉडेल रेल्वे) जपानी लेआउट, म्हणजे फळीवरचा रूळ-देखावा, करणाऱ्या आपल्या मंडळींचे फोटो बघतोय. गाड्या वेगवेगळ्या, देखावा मात्र ठरलेला. गुलाबी चेरीची झाडं, लाल तोरी (शिंतो देवळाची कमान), लाल कमानदार पूल, मागे पाच मजली पॅगोडा, त्यामागे फुजी आणि या सगळ्याला प्रदक्षिणा घालणारी शिंकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन. माझं म्हणणं एवढंच की हे पर्यटन खात्याचं कॅलेंडर झालं. रेल्वेच्या खिडकीतून दिसणारा जपान असा नसतो.

तो मुख्यतः राखाडी आणि गडद हिरवा असतो. राखाडी म्हणजे सिमेंट. डोंगर कापून रूळ टाकले, की वरच्या उतारावर सिमेंटच्या चौकटी बसवतात, नाहीतर सरळ मॉर्टर फवारून उतार बंद करून टाकतात. नद्यांचे काठ सिमेंटचे. डोंगरातल्या ओढ्यांवर माती अडवायला एकाखाली एक बंधारे. भूकंप, वादळं, पाऊस आणि तीव्र उतार असलेल्या देशात दुसरं होणार काय?

गडद हिरवा म्हणजे सुगी आणि हिनोकी, जपानची दोन सूचिपर्णी झाडं. महायुद्धानंतर लाकूड हवं म्हणून डोंगरच्या डोंगर या दोन झाडांनी भरून टाकले. देशाचा दोन तृतीयांश भाग जंगल आहे आणि त्यातलं सुमारे ४० टक्के माणसाने लावलेलं आहे. म्हणून झाडं एका वयाची, एका उंचीची, सरळसोट. वसंतात चेरीचं कौतुक चालू असतं तेव्हा याच सुगीच्या परागांमुळे लाखो लोक नाकाला मास्क लावून फिरत असतात.

शिवाय गावात विजेचे खांब आणि तारांचं जंजाळ. ते टोकियोच्या गल्लीतही आहे.

तेव्हा पैसे आणि वेळ आधी उतारावर, झाडीवर आणि खांबांवर घाला. चेरीचं एखादं झाड शाळेच्या आवारात लावा, माझी ना नाही. मतभेद अपेक्षित आहेत, या!

फुलवेडी

आलेच. माझ्या लेआउटवर चेरी आहे आणि ती राहणार.

ती खोटी कशी ते आधी सांगा. इशिकावात नोतो-काशिमा स्टेशनवर फलाटाच्या दोन्ही अंगांना चेरीची झाडं आहेत, बहरात गाडी फुलांच्या बोगद्यातून येते. मियागीत शिरोइशी नदीच्या काठाने चेरीची लांबच लांब रांग आहे आणि तिच्या शेजारून तोहोकु मुख्य मार्ग जातो. तोरी म्हणाल तर कामाकुरात गोर्यो देवळाच्या तोरीच्या अगदी पुढ्यातून एनोदेन ही छोटी लोकल धडधडत जाते, मध्ये फक्त फाटक. पॅगोडाही क्योतोजवळ शिंकानसेनच्या खिडकीतूनच दिसतो, तोजीचा. म्हणजे तुमच्या नावडत्या यादीतल्या तीन गोष्टी रुळालगतच निघाल्या!

आणि सिमेंट बघायला मला जपान कशाला हवा? घराबाहेर पडलं की घोडबंदर रोड आहेच.

मोजपट्टी

दोघांच्या भांडणात जरा आकडे टाकतो.

तोजीचा पॅगोडा सुमारे ५५ मीटर उंच. १:१५० मध्ये, म्हणजे जपानी एन गेजच्या नेहमीच्या प्रमाणात, तो ३७ सेंटिमीटर भरतो. लेआउटांवर दिसणारे पॅगोडे बहुतेक वीतभरही नसतात. फुजी ३,७७६ मीटर, म्हणजे २५ मीटरचा डोंगर करा, सोसायटीच्या गच्चीहून उंच. टोकाइदो मार्गावरची १६ डब्यांची शिंकानसेन ४०० मीटर लांब. शिंकानसेनचं मॉडेल मात्र १:१६० असतं, म्हणजे गाडीच अडीच मीटर. त्या मार्गावर वळणाची किमान त्रिज्या २,५०० मीटर धरली होती, ती मॉडेलात साडेपंधरा मीटर होते. आपण ती तीस-पस्तीस सेंटिमीटरमध्ये वळवतो.

आता सिग्नलडाउनसाहेबांच्या वास्तवाकडे. जमीन एकत्रीकरणानंतरचं प्रमाण भातखाचर १०० बाय ३० मीटरचं, म्हणजे मॉडेलात ६७ बाय २० सेंटिमीटर. सहा बाय तीन फुटांच्या फळीवर नऊ खाचरं बसली की कडेला वीतभर पट्टी उरते. तिच्यावरून काय ती गाडी न्या.

अजून एक. जपानची जुनी लाइन १,०६७ मिलिमीटर गेजची. १:१५० ने ते सात मिलिमीटर होतं आणि आपण चालवतो नऊ मिलिमीटरच्या रुळावर. म्हणजे रुळापासूनच खोटं सुरू. मग चेरीनेच काय घोडं मारलंय?

सिग्नलडाउन

मोजपट्टी, आकडे मान्य, निष्कर्ष अमान्य. माप आखडतं घेणं वेगळं आणि स्वभाव बदलणं वेगळं. ६७ सेंटिमीटरचं खाचर मीही करणार नाही. डोंगरकुशीतली जुनी, वेडीवाकडी, पायऱ्यांची खाचरं घ्या, तळहाताएवढी चालतात आणि खरीही असतात. शिंकानसेन मावत नाही म्हणता ना, मग आणूच नका. किहा ४० घ्या, एका डब्याची डिझेल. खरी २१ मीटरची, मॉडेल १४ सेंटिमीटरचं. दोन डब्यांपुरता फलाट, पत्र्याची शेड, एक बाक, एक व्हेंडिंग मशीन. यातलं काहीच चेपावं लागत नाही. छोटी लाइन निवडली की निम्मं खोटं आपोआप गळतं.

फुलवेडीताई, नोतो-काशिमा करणार असाल तर मी पहिला टाळ्या वाजवीन. तो एका जागेचा अभ्यास झाला. माझा राग आहे तो नोतोची चेरी, क्योतोचा पॅगोडा, कामाकुराची तोरी आणि फुजी एकाच फळीवर कोंबण्यावर.

निशिकासाईकर

टोकियोतल्या निशिकासाईतून लिहितोय. इथे आपली भारतीय मंडळी बरीच आहेत, त्यामुळे नावाचा अर्थ सांगायला नको.

तुम्ही दोघं जागेवरून भांडताय, महिन्याचं कोणीच बोलत नाही. लेआउटवर मला आधी खटकते ती चूक ऋतूची. टोकियोच्या आसपास चेरी फुलते मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला. तेव्हा खाचरं कोरडी असतात, गेल्या वर्षीची खुंटं किंवा नुकती नांगरलेली काळी माती. पाणी भरून लावणी होते एप्रिलअखेरीपासून मेमध्ये. आणि लेआउटवर बघावं तर चेरी फुललेली, शेजारी रेझिन ओतून केलेलं चकचकीत पाणी आणि त्यात हिरवीगार रोपं!

चेरीच हवी असेल तर खाली मोहरीवर्गातली पिवळी नानोहाना लावा. चिबात कोमिनातो या छोट्या लाइनीवर ही दोन्ही खरोखर एकत्र फुलतात, पिवळ्या पट्ट्यातून एक-दोन डब्यांची डिझेल जाते. सप्टेंबर घेतलात तर पिकलेलं सोनेरी भात आणि बांधांवर हिगानबानाची लालभडक फुलं. त्यांना आपल्याकडे कोणी हातच लावत नाही, का कोण जाणे. रंग हवा असणाऱ्यांना चेरीइतकाच रंग आहे.

आणि सिग्नलडाउन, ‘खरा जपान राखाडी’ हेही पुरतं पटत नाही. मी रोज उन्नत मार्गावरून जातो. खाली सिमेंटचे खांब, सायकलींचे तळ, दुकानांच्या पाट्या, गॅलरीत वाळत घातलेल्या गाद्या. रंग भरपूर आहे, फक्त तो झाडावर नाही, पाट्यांवर आहे. शिवाय इथल्या मॉडेलच्या दुकानात तयार चेरीची झाडं मांडलेली असतात ती काय आपल्यासाठी? जपानी लोकच घेतात. घरचा माणूस हौसेने चेरी लावतो तर पुण्या-ठाण्याच्या माणसाने का लावू नये?

फुलवेडी

ऐका, ऐका. शेवटचा परिच्छेद फ्रेम करून ठेवते.

ऋतूचा मुद्दा बिनतोड आहे, पण तो टोकियोपुरता. आओमोरीत चेरी एप्रिलअखेर, कधी मेच्या तोंडावर फुलते. तिथे फुलं आणि शेतातलं पाणी यांतलं अंतर बरंच कमी होतं. तेवढं मला लेआउटवर मिटवू द्या.

अर्धीफळी

तत्त्वाचं तुम्ही बघून घ्या. मी मुंबईत, समुद्रापासून पंधरा मिनिटांवर लेआउट ठेवून बसलोय, माझं मत दमटपणाने ठरवलेलं आहे. सिग्नलडाउनच्या बाजूने, पण वेगळ्या कारणाने: त्यांचा जपान इथे करता येतो, फुलवेडींचा बराचसा मागवावा लागतो.

सुगीचं झाड घ्या. तार दुमडायची, दोन पदरांमध्ये सुतळीचे कापलेले धागे पसरायचे, तार पिळायची. बाटलीचा ब्रश तयार होतो. कात्रीने निमुळता छाटा, काळपट हिरवा फवारा मारा, वर गोंद आणि बारीक चाळलेला रंगीत भुसा. एका बैठकीत डोंगराचा एक पदर भरतो. एकसारखी झाली तर उत्तमच, लागवडीचं जंगल एकसारखंच असतं! चेरीला मात्र फांद्यांचा विस्तार पसरट आणि नाजूक लागतो, रंग फिकट लागतो. आपण बडीशेपेच्या गोळ्यांचा गुलाबी लावतो तिथे सगळं बिघडतं. खरी सोमेइ-योशिनो, म्हणजे जपानात सगळीकडे दिसणारी चेरीची जात, जवळजवळ पांढरी असते.

सिमेंटचा उतार: खाली फोम, वर पीओपीचा पातळ थर, चौकटींसाठी पुठ्ठ्याच्या पट्ट्या. फवारलेल्या मॉर्टरचा पोत हवा असेल तर कोकण रेल्वेने जाताना कटिंगकडे नीट बघा. शॉटक्रीट, लोखंडी जाळ्या, पाणी निघायला ठेवलेली भोकं आणि भोकांखाली उतरलेले काळे-हिरवे ओघळ. जांभ्याचा रंग वेगळा पडेल, बाकी धडा तोच. ओघळ नसतील तर उतार पुठ्ठ्याचाच दिसतो. काळा रंग पाण्यात अगदी पातळ करून वरून खाली सोडा.

पावसाळ्याची गोष्ट वेगळी सांगतो. एमडीएफ फुगतं, मरीन प्लाय घ्या आणि खालूनही रंगवा. कागदी घरांचे किट सुंदर असतात, पण जुलैत कोपरे उकलतात. जोडण्याआधी आतून लाकरचा हात मारा. गोंदात भिजलेल्या भुशाला बुरशी येते, म्हणून गोंदाच्या पाण्यात थोडं जंतुनाशक घाला. आणि दिवाळीच्या किल्ल्याच्या सवयीने कोणी खरी माती वापरणार असेल तर ती चाळून, भाजून घ्या. नंतर तिच्यातून चुंबक फिरवायला विसरू नका, मातीतला लोहाचा कण मोटरमध्ये गेला की इंजिन बसलं.

मोजपट्टी

चुंबकाला +१.

विजेच्या तारांचं काय? रेल्वेच्या स्पर्शतारेची (गाडीला वीज देणाऱ्या वरच्या तारेची) जाडी १२ मिलिमीटर धरा, मॉडेलात ०.०८. केसाएवढी. बाजारात मिळणारा, ताणला जाणारा बारीक धागाही त्याहून जाड दिसतो. म्हणजे तारा लावल्या तर खोट्या आणि न लावल्या तर अपुऱ्या.

सिग्नलडाउन

लावायच्या. जाड दिसल्या तरी लावायच्या. गावातल्या तारांनी आकाशाचे तुकडे पडतात, त्याशिवाय गल्ली जपानी वाटतच नाही. नुसते खांब म्हणजे क्रिकेटचे स्टंप.

नवखा_९०बाय६०

मी फक्त वाचक, पण विचारतो. माझ्याकडे ९० बाय ६० सेंटिमीटरची फळी आहे. गाडी अजून घेतलेली नाही. या वादातून मी काय करायचं?

निशिकासाईकर

एनोदेन. फुजिसावा ते कामाकुरा, पुरती दहा किलोमीटरची लाइन. डबे आखूड, दोन डब्यांच्या सांध्याखाली एकच बोगी, त्यामुळे टोमिक्स या मॉडेल कंपनीच्या १४० मिलिमीटर त्रिज्येच्या वळणावर चालणारी मॉडेलं मिळतात. खरी लाइनही घरांच्या परसातून अंग चोरत वळते. कोशिगोए ते एनोशिमा हा तुकडा तर रस्त्यातून जातो, मोटारी आणि गाडी एकाच डांबरावर. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला गोर्यो देऊळ. फळीच्या मधून तिरपा पडदा उभा करा, पुढे समुद्र, मागे गल्ली. महिना जून ठेवा, हायड्रेंजियाचे निळे-जांभळे झुबके रुळालगत. चेरीचा प्रश्नच येत नाही.

फुलवेडी

चालेल! तोरीही मिळाली, फुलंही मिळाली. हायड्रेंजियाला रंगीत फोमचा चुरा पुरतो, अर्धीफळींना मागवावंही लागणार नाही.

सिग्नलडाउन

तोरी मंजूर, कारण ती तिथे आहे. पण लक्षात घ्या, एनोदेन विजेवर चालते. पेंटोग्राफ वर करून गाडी बिनतारेची फिरवणार का? शिवाय रस्त्याच्या तुकड्यात तारांना धरणारे आडवे ताणही लागतील.

फुलवेडी

खांब लावीन. आडवे ताणही लावीन, हौस म्हणून. रुळावरची तार नाही. या हवेत रूळ काळे पडतात, दर वेळी चालवण्याआधी पुसावे लागतात आणि पुसायला हात आत घालावा लागतो. तुमची तार पहिल्याच पुसण्याला माझ्या बांगडीत अडकून येईल.

सिग्नलडाउन

मग रूळ पुसणारी गाडी घ्या, तारेखालून जाते.

फुलवेडी

ती १४० च्या वळणावर वळते का, आधी तुमच्या फळीवर चालवून दाखवा. मग बोलू.