एकट्या ज्येष्ठ स्त्रीला पुण्यात परवडणारे भाड्याचे घर कसे मिळेल?

पेठेतली_वाचक:

नमस्कार. माझे वय 64 आहे, मी अविवाहित आहे आणि पन्नासहून अधिक वर्षे पुण्याच्या सदाशिव पेठेतील एका वाड्यात, पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहते. या खोल्या वडिलांनी 1973 साली भाड्याने घेतल्या. ते गेल्यावर भाडेपावती आईच्या नावाने येऊ लागली आणि आई मागच्या वर्षी गेली. आता मालकांनी वाडा पाडून तेथे इमारत बांधण्याचे ठरवले आहे. साडेतीन लाख रुपये घेऊन दिवाळीपर्यंत खोल्या रिकाम्या कराव्यात, असे त्यांचे म्हणणे आहे. पावती माझ्या नावाची नसल्यामुळे मी त्यांच्याशी वाद घातलेला नाही.

माझ्या उत्पन्नाचा हिशेब मोकळेपणाने मांडते, म्हणजे सल्ला देणे सोपे जाईल. मी एका खासगी कंपनीच्या हिशेब विभागात होते. भविष्यनिर्वाह निधीचे निवृत्तिवेतन महिन्याला 2,900 रुपये मिळते. आयुष्यभराच्या बचतीचे 22 लाख रुपये 2023 मध्ये टपाल कार्यालयातील ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 8.2 टक्क्यांनी ठेवले आहेत; त्याचे दर तिमाहीला 45,100 रुपये येतात. म्हणजे महिन्याला जेमतेम 18,000 रुपये. औषधांचे अडीच हजार आणि घरखर्च वजा जाता भाड्यासाठी सात-साडेसात हजारांपेक्षा अधिक काढता येणार नाहीत.

गेले चार महिने मी घर शोधत आहे. धायरीपासून चऱ्होलीपर्यंत फिरले. माझ्या भाड्यात जे मिळते ते बहुधा उद्वाहन (लिफ्ट) नसलेल्या इमारतीच्या तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर असते. एक तळमजल्याची जागा पसंत पडली होती, परंतु मालकीणबाईंनी माझे वय ऐकल्यावर विचारले, "तुम्हाला रात्री-अपरात्री काही झाले तर आम्ही कोणाला बोलवायचे?" मी नाशिकच्या भाच्याचे नाव सांगितले, तेव्हा पुण्यातच राहणारे कोणी जवळचे असेल तरच या, असे त्यांनी कळवले. त्यांची भीती मला समजते. पण तसे कोणी नाही म्हणूनच तर मी घर शोधते आहे. शिवाय करार सगळीकडे अकरा महिन्यांचा. सत्तरीत दरवर्षी सामान बांधायचे, हे मला शारीरिकदृष्ट्याही जमेल असे वाटत नाही.

बचतीतून एखादे लहान घर विकत घ्यावे, पुणे सोडून लहान गावी जावे, की वृद्धाश्रमाचा विचार करावा? ज्यांनी यांतले काही प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया लिहावे.

निवृत्त_लेखनिक:

ताई, आपला प्रश्न नवे घर शोधण्याचा आहे. परंतु आपण आधीच एका घरात हक्काने राहत आहात, अशी शक्यता फार मोठी आहे आणि मला आधी त्याविषयी लिहिणे भाग आहे. माझी नोकरी एका वकिलांच्या कार्यालयात भाडेकरूंच्या दाव्यांची कागदपत्रे लिहिण्यात गेली. आपल्यासारखी माणसे केवळ "पावती माझ्या नावावर नाही" एवढ्या समजुतीने किल्ल्या देऊन निघून गेलेली मी पाहिली आहेत आणि त्याची खंत आजही वाटते.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 7 मध्ये भाडेकरूची जी व्याख्या आहे, तिच्यात राहत्या जागेच्या बाबतीत मृत भाडेकरूसोबत त्याच्या मृत्यूच्या वेळी राहणाऱ्या कुटुंबीयाचा समावेश होतो. आपण आईसोबत शेवटपर्यंत तेथेच राहत होतात. त्यामुळे पावतीवरचे नाव बदलले नसले, तरी आईच्या पश्चात आपण स्वतःच भाडेकरू आहात, असे म्हणण्यास भक्कम आधार आहे. मालकांना वाडा पाडून नवी इमारत बांधायची असेल, तर त्या कारणासाठी ताबा मागण्याची तरतूद कलम 16 मध्ये आहे. पण तो ताबा न्यायालयातून मागावा लागतो. केवळ तोंडी निरोपाने आणि दिवाळीची मुदत घालून तो घेता येत नाही. भाडेकरू असलेल्या जुन्या इमारतींच्या पुनर्बांधणीत त्यांचे पुनर्वसन केले, तर जादा चटईक्षेत्र, म्हणजे अधिक बांधकामाची परवानगी, मिळण्याची सोय राज्याच्या 2020 च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत आहे. म्हणजे आपण तेथे भाडेकरू म्हणून असण्याला बांधकाम व्यावसायिकाच्या हिशेबातही किंमत असते. ती साडेतीन लाखच आहे का, हे कोणत्याही कागदावर सही करण्याआधी तपासून घ्यावे.

भाडे देणे थांबवू नका. मालक घेत नसतील, तर बँकेमार्फत पाठवा किंवा धनादेश टपालाने पाठवून पोच जपून ठेवा. थकबाकी हे ताबा मागण्याचे वेगळे कारण ठरू शकते आणि पुष्कळदा भाडे न स्वीकारण्यामागे तोच हेतू असतो.

वकिलांच्या खर्चाची चिंता आपल्याला वाटत असेल. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 नुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते. शिवाजीनगरच्या न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे, तेथे अर्ज करावा. मी लिहिले ते सर्वसाधारण आहे. आपल्या वाड्याची कागदपत्रे पाहूनच वकील नेमके सांगतील.

घर विकत घेण्याविषयी एवढेच म्हणतो. समजा, 20 लाखांत दूर कोठे एक खोली मिळाली. मग उरलेल्या दोन लाखांवर महिन्याला 1,367 रुपये व्याज येईल, त्यात निवृत्तिवेतन मिळवले तरी सव्वाचार हजार होतात आणि त्यातून सोसायटीचा देखभाल खर्चही द्यावा लागेल. स्वतःचे छप्पर होईल, परंतु त्याखाली जगणे अवघड होईल. म्हाडाच्या सोडतीत आपण अत्यल्प उत्पन्न गटात बसता, कारण पुण्यासाठी ती मर्यादा वार्षिक 6 लाख आहे. पण घर लागले तरी रक्कम भरावीच लागते आणि या वयात बँका कर्जाची मुदत फार आखूड देतात.

वाईच्या_काकू:

मी 71 वर्षांची आहे, पती गेल्यावर आठ वर्षांपूर्वी कोथरूड सोडून वाईला आले आणि एकटी राहते. म्हणून पुणे सोडण्याविषयी अनुभवाने लिहू शकते.

मला घर दलालाकडून मिळाले नाही. आधी महिनाभर मी ओळखीच्यांकडे राहिले, रोज ग्रंथालयात वर्तमानपत्र वाचायला जात असे आणि संध्याकाळी घाटावरच्या भजनाला. तेथे ज्यांना ज्यांना भेटले त्यांना सांगत गेले की मला तळमजल्यावर दोन खोल्या हव्यात. तिसऱ्या आठवड्यात भजनातल्याच एका बाईंनी त्यांच्या घरामागच्या खोल्या दाखवल्या. त्यांचे यजमान सत्तरीचे, मुलगा परदेशात. त्यांनाही रात्री हाकेच्या अंतरावर कोणीतरी हवे होते. ताई, आपल्याला ज्या वयामुळे नकार मिळतो, त्याच वयामुळे मला ते घर मिळाले. तरुण मालकांच्या गुंतवणुकीच्या सदनिकांऐवजी, जेथे वयस्कर मालक स्वतः राहतात अशी जुनी घरे शोधा. पुण्यातही ती आहेत, फक्त त्यांच्या जाहिराती येत नाहीत.

कराराबाबत माझ्या भाच्याने नीट लक्ष घातले. अकरा महिने हा केवळ रिवाज आहे. अधिक मुदतीचा करार करता येतो आणि आम्ही दर वेळी 36 महिन्यांचा करतो. भाडे सध्या 6,500 आणि अनामत 25,000 रुपये आहे. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर आणि अनामतीवरच्या वार्षिक 10 टक्के व्याजावर पाव टक्का या दराने लागते, ते संपूर्ण तीन वर्षांचे मिळून सुमारे 600 रुपये झाले. नोंदणी शुल्क वेगळे. नोंदणी आवश्यकच आहे आणि ती करून देण्याची जबाबदारी कायद्याने मालकाची आहे. पहिले अठरा महिने मालकांनी जागा सोडायला सांगायची नाही, हे कलम मी आग्रहाने घालून घेतले.

"रात्री काही झाले तर" या प्रश्नाचे उत्तर मी कागदावरच नेले होते. त्या एका पानावर माझे आजार, औषधे, रक्तगट, डॉक्टरांचा क्रमांक, आरोग्य योजनेच्या कार्डाचा तपशील, भाच्याचा आणि वाईतल्या दोन मैत्रिणींचा क्रमांक होता. मालकीणबाईंनी ते पान अजून देवघराच्या फळीखाली चिकटवून ठेवले आहे. गेल्या श्रावणात मला चक्कर आली, तेव्हा त्याच पानाने काम केले.

गावात दवाखाने आहेत, मोठ्या तपासणीसाठी मी पुण्याला येते. स्त्रियांना एसटीत अर्धे तिकीट असल्यामुळे ते परवडते. मात्र पहिले वर्ष फार एकाकी गेले, हे लपवणार नाही. पुण्यात माझ्या घराखाली दूध, वाणी, बँक सगळे होते आणि ओळखीचे चेहरे होते. पन्नास वर्षांची पेठ सोडताना आपल्याला ते माझ्याहून अधिक जड जाईल. निर्णय करण्याआधी दोन महिने, त्यातही पावसाळ्यातले, त्या गावी राहून पाहावे.

आश्रमसेवक:

मी एका वृद्धाश्रमात दर आठवड्याला सेवा देण्यासाठी जातो. चालत्या-फिरत्या माणसाने केवळ घर मिळत नाही म्हणून तेथे यावे, असे मला वाटत नाही. पुण्यातील निवारा ही संस्था 1863 पासून काम करते आहे, तशा जुन्या विश्वस्त संस्था अवश्य पाहून ठेवाव्यात. पुढे गरज पडली तर आपल्याला आधीची माहिती असेल. पाहताना एक प्रश्न विचारावा: माणूस अंथरुणाला खिळल्यावर संस्था त्याला ठेवून घेते की नातेवाइकांना घेऊन जायला सांगते? पुष्कळ ठिकाणी प्रवेशाच्या अर्जातच दुसरी अट असते आणि ती कोणी वाचत नाही. अनामत किती परत मिळते आणि किती दिवसांत, हेही लेखी घ्यावे.

ज्येष्ठांसाठी म्हणून बांधल्या जाणाऱ्या नव्या संकुलांना महारेराने, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाने, 2024 मध्ये उद्वाहन, उतरते मार्ग, आधाराचे कठडे अशा सोयींची मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आहेत. परंतु त्यांच्या किमती आपल्या हिशेबात बसणार नाहीत. 14567 ही ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी आहे, तिचा क्रमांक जवळ ठेवावा.

पेठेतली_वाचक:

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. लेखनिककाका, आपले उत्तर वाचून मी आईची ट्रंक उघडली. 1973 पासूनच्या पावत्या वर्षावार दोऱ्याने बांधलेल्या सापडल्या. फक्त 1988 आणि 1989 च्या नाहीत. त्यामुळे काही अडचण येईल का? येत्या सोमवारी मी शिवाजीनगरला जाणार आहे. वाईच्या काकूंनी सांगितलेले पान मात्र मी आजच लिहून काढले आणि शेजारच्या खोलीतल्या वहिनींकडे दिले.

निवृत्त_लेखनिक:

दोन वर्षांच्या पावत्या नसल्या तरी एवढी सलग मालिका पुरेशी बोलकी आहे. आपण आईसोबतच राहत होतात हे दाखवणे अधिक महत्त्वाचे आहे. त्यासाठी आपली दोघींची नावे असलेली शिधापत्रिका, मतदार यादीतील नोंद, त्या पत्त्यावर आलेली बँकेची किंवा कंपनीची पत्रे आणि आईचा मृत्यू दाखला सोबत घ्यावा. सोमवारी सगळ्याच्या छायाप्रतींचे दोन संच न्यावेत आणि मूळ पावत्या घरीच ठेवाव्यात. दोऱ्याची गाठ सोडण्याआधी प्रत्येक वर्षाच्या गठ्ठ्याचे छायाचित्रही काढून ठेवा, कारण त्या वेळचा कागद फार लवकर तुटतो.