मदत हवी आहे: डिग्री नाही, आयटीआय आहे. जर्मनी की जपान?

नमस्कार मंडळी. वय 27, राहायला भोसरीत. दहावीनंतर दोन वर्षांचा फिटरचा आयटीआय, एनसीव्हीटीचं सर्टिफिकेट आहे. सहा वर्षं चाकणला मेंटेनन्समध्ये, पण त्यातली चार ठेकेदाराकडे. अनुभवाचा कागद मागितला की "उद्या ये".

परवा एका एजंटकडे गेलो. साडेतीन लाख म्हणाला, पन्नास हजार आत्ताच, पावती नंतर. नोंदणीकृत एजंटला 30,000 रुपये अधिक जीएसटी एवढीच फी घेता येते ना, असं विचारल्यावर साहेबांना एकदम अर्जंट फोन आला!

माझ्या माहितीप्रमाणे जर्मनीच्या चान्सनकार्टला (तिथे जाऊन नोकरी शोधायचा व्हिसा) डिग्रीच हवी असं नाही, किमान दोन वर्षांचं मान्यताप्राप्त व्यावसायिक शिक्षणही चालतं. सोबत जर्मन ए1 (अगदी सुरुवातीची पातळी) किंवा इंग्रजी बी2 (बऱ्यापैकी वरची पातळी), आणि वर्षभराच्या खर्चाचे पैसे दाखवायचे. माझं घोडं तिथेच अडलंय. आउसबिल्डुंगमध्ये (जर्मनीतलं कंपनीत काम करत घ्यायचं ट्रेड प्रशिक्षण) दरमहा पगार मिळतो, पण बी1पर्यंत जर्मन शिकून पुन्हा शिकाऊ व्हायचं. जपानच्या टोकुतेई गिनोला (कुशल कामगारांचा व्हिसा) ट्रेडची परीक्षा आणि जपानी एन4 (प्राथमिक पातळी) पुरतं. मात्र या व्हिसाच्या पहिल्या प्रकारात साधारणपणे कमाल पाच वर्षं, आणि बायकोला नेता येत नाही. लग्न मार्चमध्ये आहे, त्यामुळे हे घरी अजून बोललो नाही.

आयटीआयवर चान्सनकार्ट मिळालेलं कोणी आहे का? ठेकेदाराकडच्या अनुभवाला पीएफचं पासबुक आणि पगाराच्या स्लिपा चालल्या का? आणि सेकंड शिफ्ट सांभाळून जर्मन कुठे शिकलात? एजंटांनी कृपया मेसेज करू नये.