मदत हवी आहे: उंची कमी, ट्रेल बाईक कोणती घ्यावी?

नमस्कार मंडळी. दोन वर्षं मित्राच्या अ‍ॅडव्हेंचर बाईकवर कच्चे रस्ते फिरतोय, आता स्वतःची ट्रेल बाईक, म्हणजे कच्च्या वाटांसाठीची हलकी गाडी, घ्यायची आहे.

मित्राची गाडी 200 किलोच्या वर. गेल्या महिन्यात एका ओल्या चढावर पुढचं चाक घसरलं. थांबून उताराच्या बाजूला पाय टेकवायला गेलो, तर पायाखाली जमीनच लागली नाही. गाडी आडवी, क्लचचा लिव्हर तुटला, आणि एकट्याने ती उभी करताना कंबर भरून आली. तेव्हाच ठरवलं, आधी वजन आणि सीटची उंची बघायची, ताकद नंतर.

माझी उंची 5 फूट 5 इंच. होंडाची सीआरएफ 300 एल मनात भरली आहे: 286 सीसी, 142 किलो, पुढे 21 आणि मागे 18 इंची चाक. पण सीट 880 मिमी! बसल्यावर सस्पेन्शन दबतं, तरी दगडगोट्यांत नुसत्या चवड्यांवर निभावेल का? लोअरिंग लिंक (मागचं सस्पेन्शन खाली आणणारा जोड) लावली की ग्राउंड क्लिअरन्स कमी होतो, म्हणून ते मला पटत नाही. त्यापेक्षा सीटचा फोम कापून घेणं बरं वाटतं. कुणी केलंय का?

दुसरा पर्याय म्हणजे वापरलेली यामाहा सेरो 250. सीट 830 मिमी, एअर कूल्ड, साधं इंजिन. फोर्कचे (पुढच्या सस्पेन्शनचे) ऑइल सील, स्विंगआर्मचं (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग, चेन-स्प्रॉकेट बघणारच आहे. आणखी काय तपासू?

हायवेवर फारसं जायचं नाही. दोन्ही चालवलेल्यांनी चिखलातला अनुभव जरूर सांगा.