मदत हवी आहे: ड्रॉइंग डाउनलोडच्या एपीआयचं डॉक्युमेंटेशन कसं लिहू?

नमस्कार मंडळी, परळच्या आमच्या बांधकाम साइटवर कुठलं ड्रॉइंग कोणी कधी डाउनलोड केलं याचा रेकॉर्ड काढायचं एपीआय (एका प्रोग्रामने दुसऱ्याकडून माहिती मागवायची सोय) टूल आहे, त्याचं डॉक्युमेंटेशन माझ्याकडे आलंय. मागच्या महिन्यात स्लॅबचं जुनं रिव्हिजन बघून सळ्या बांधल्या गेल्या, नशीब काँक्रीट पडलं नव्हतं, तेव्हा हाच रेकॉर्ड कामी आला, म्हणून मला हे नीट लिहायचंय. अडचण अशी की वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) येते, आपण साडेपाच तास पुढे, त्यामुळे रात्री १ ला केलेलं डाउनलोड आदल्या दिवशीचं संध्याकाळी ७:३० दिसतं आणि तारखेचं फिल्टर लावलं की ते गायबच होतं. साइट इंजिनिअरला कळेल असं हे कसं मांडू? ४२९ एररचं (थोड्या वेळात खूप रिक्वेस्ट पाठवल्या की येतो तो) पण लिहायचंय. कोणाकडे चांगला नमुना असेल तर प्लीज पाठवा.